दुय्यम पदाची थोरवी : सफ्रगन बिशपाच्या अधिकारपदाची हकीकत

गेल्या वर्षीं नव्या सत्राच्या आरंभीं आमच्या एका वर्गांत नायक व उपनायक यांची निवड झाली. दुसऱ्याच दिवशीं उपनायक म्हणून निवडलेला विद्यार्थी आमच्याकडे आला आणि बिल्ला टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, हा मला नको. दुसऱ्याच्या हाताखालीं नांवाचें पद कशाला?" आम्हीं त्यास आज्ञापालनाविषयीं चार शब्द सांगितले, ते त्यास पटले नाहींत. सायंकाळीं त्याचे वडील भेटावयास आले. ते फार नम्रपणें म्हणाले, "गुरुजी, मुलगा उद्धट नाहीं. पण आमच्या वस्तींतल्या मुलाला जें मिळतें तें नेहमीं दुसरेंच मिळतें, एवढें त्यानें पाहिलें आहे." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. बिल्ला टेबलाच्या खणांत राहिला व प्रश्न मनांत राहिला. पुढें ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचीत असतां एका फारशा परिचित नसलेल्या पदाची हकीकत आमच्या वाचनांत आली. त्या मुलाच्या व त्याच्या वडिलांच्या, अशा दोघांच्याही म्हणण्यावर तींत प्रकाश पडतो असें वाटल्यावरून ती येथें वाचकांपुढें मांडीत आहों. तें पद म्हणजे अँग्लिकन मंडळींतील सफ्रगन बिशपाचें.

आमच्या वाचकांत सर्व धर्मांचीं मुलें व पालक आहेत. म्हणून प्रथम बिशप म्हणजे कोण हें सांगितलें पाहिजे. इंग्लंडच्या मंडळींत, आणि तिच्या परंपरेंतून जगभर पसरलेल्या मंडळ्यांत, दीक्षित सेवकांच्या तीन पायऱ्या आहेत : डीकन, प्रीस्ट व बिशप. डीकन हा सेवक. प्रीस्ट हा एखाद्या मंडळीचा पाळक. आणि बिशप हा अनेक मंडळ्या मिळून झालेल्या धर्मप्रांताचा मुख्य पाळक. कांहीं कृत्यें बिशपाशिवाय कोणासही करतां येत नाहींत. नव्या पाळकांवर हस्तारोपण करून त्यांस दीक्षा देणें हें त्यांपैकीं एक. बाप्तिस्मा झालेल्या मुलामुलींच्या मस्तकांवर हात ठेवून त्यांचें दृढीकरण करणें हें दुसरें. आतां विचार करा : धर्मप्रांतांत शेंकडों गांवें व लाखों माणसें असलीं, तर एकटा मनुष्य किती मस्तकांवर हात ठेवणार? या अडचणींतूनच आमच्या विषयाचा जन्म झाला आहे.

सफ्रगन हा शब्द लॅटिन भाषेंतील ज्या शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ मत किंवा साह्य असा आहे. जो आपलें मत देऊन व आपला हात लावून दुसऱ्यास साह्य करतो, तो सफ्रगन. हा शब्द दोन अर्थांनीं वापरतात, आणि त्यांची गल्लत होऊं देतां कामा नये. जुन्या अर्थानें, आर्चबिशपाच्या किंवा मेट्रॉपॉलिटनच्या अधीन असलेला प्रत्येक बिशप हा त्याचा सफ्रगनच होय, मग तो आपल्या धर्मप्रांतांत कितीही स्वतंत्र असो. या अर्थानें पाहतां, १८३७ सालीं मुंबईचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हां तेथील पहिले बिशप टॉमस कार हेही कलकत्त्याच्या मेट्रॉपॉलिटन बिशपांचे सफ्रगनच होते. दुसरा अर्थ आज इंग्लंडांत अधिक रूढ आहे : एकाच धर्मप्रांतांत मुख्य बिशपाच्या हाताखालीं काम करणारा साहाय्यक बिशप. आम्ही या लेखांत मुख्यतः या दुसऱ्याविषयींच बोलत आहों.

साहाय्यकाची ही कल्पना इंग्लंडाहून पुष्कळ जुनी आहे. पहिल्या कांहीं शतकांत बिशप हा बहुधा नगरांत राही. पूर्वेकडील देशांत खेड्यापाड्यांतील मंडळ्यांसाठीं ग्राम-बिशप नेमण्याची चाल होती. परंतु ग्राम-बिशपाचा अधिकार किती, याविषयीं लवकरच वाद उत्पन्न झाला. आणि ३१४ सालीं अंकायरा येथें भरलेल्या धर्मसभेनें, नगराच्या बिशपाच्या अनुज्ञेवांचून ग्राम-बिशपानें कोणास दीक्षा देऊं नये, असा निर्बंध घातला. हा नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. साहाय्यक बिशपाची दीक्षा पूर्ण असते; त्याच्या हस्तारोपणांत कांहीं उणें नसतें. उणी असते ती स्वतःच्या मर्जीनें तो हात उचलण्याची मोकळीक.

मध्ययुगांत इंग्लंडचे बिशप हे राजाचे मंत्री, वकील व न्यायाधीश होऊन बसले. कित्येकांचीं वर्षेंच्या वर्षें दरबारांत किंवा परदेशीं जात. मग धर्मप्रांताचें काम कोणीं पाहावें? त्यासाठीं आयर्लंडांतून आलेले बिशप ठेवून घेत, किंवा ज्या दूरच्या प्रांतांत ख्रिस्ती मंडळी उरलीच नव्हती, अशा ठिकाणचे नाममात्र बिशप म्हणून कोणाचा तरी अभिषेक करवीत. नांव एका देशाचें व काम दुसऱ्या देशांत, असा तो प्रकार होता. मुलांचें दृढीकरण व देवळांचें समर्पण हीं कामें हेच बिनबोभाट करीत; इतिहासांत नांवें मात्र त्यांच्या धन्यांचीं राहिलीं.

आठव्या हेन्री राजानें पोपाशीं संबंध तोडल्यावर ही जुनी व्यवस्था चालणें शक्य नव्हतें. म्हणून १५३४ सालीं पार्लमेंटनें सफ्रगन बिशपांविषयींचा कायदा केला. त्यांत इंग्लंडांतील सुमारें पंचवीस नगरांचीं नांवें घालून दिलीं होतीं : डोव्हर, बेडफर्ड, नॉटिंगहॅम, कोल्चेस्टर, इप्सविच, हल वगैरे. ज्या बिशपास साहाय्यक हवा असेल त्यानें दोन लायक मनुष्यांचीं नांवें राजाकडे पाठवावीं. राजानें त्यांतून एक निवडून त्यास यांपैकीं एखाद्या नगराचें नांव द्यावें. आणि त्यानें धर्मप्रांताच्या बिशपानें लेखी सनदेनें दिलेला असेल तेवढाच अधिकार चालवावा, अशी ही योजना होती. मेरी राणीच्या कारकीर्दींत हा कायदा रद्द झाला व एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत पुनः जिवंत झाला. परंतु त्याचा उपयोग हळूहळू मंदावला. १५९२ सालीं अभिषेक झालेले कोल्चेस्टरचे जॉन स्टर्न हे त्या मालिकेंतील शेवटचे. ते निवर्तल्यावर अडीचशें वर्षांहून अधिक काळ इंग्लंडांत एकही सफ्रगन नेमला गेला नाहीं. कायदा पुस्तकांत होता. पण पद नव्हतें.

या अवधींत धर्मप्रांतांचे काय हाल झाले असतील त्याची कल्पना करतां येईल. बिशपास पार्लमेंटच्या बैठकींसाठीं लंडनांत राहणें भाग पडे, वाटा खराब, प्रवास घोड्याचा किंवा गाडीचा. दृढीकरणासाठीं बिशप आला म्हणजे दूरदूरच्या गांवांहून मुलांचे लोंढे येत, आणि मुलाच्या मस्तकावर हात क्षणभर ठेवला न ठेवला तोंच पुढच्याची पाळी येई. पुढें गिरण्या व कारखाने निघाले, खेडीं ओस पडूं लागलीं, आणि लंडन व उत्तरेकडील शहरें कामगारांच्या दाट वस्तीनें फुगून गेलीं. मेंढरें वाढलीं आणि मेंढपाळ तितकेच राहिले.

अखेर १८७० सालीं ती जुनी सनद पेटींतून बाहेर निघाली. लिंकनचे बिशप क्रिस्टोफर वर्ड्‌स्वर्थ यांच्या साह्यास हेन्री मॅकेंझी हे नॉटिंगहॅमचे सफ्रगन झाले. आणि त्याच वर्षीं, कँटरबरीचे आर्चबिशप टेट हे गंभीर आजारानें खचले असतां, एडवर्ड पॅरी हे डोव्हरचे सफ्रगन झाले. एक मोडकळीस आलेली जुनी वस्तु पुनः कामास येते तशी ही गोष्ट झाली. मात्र १५३४ ची नगरांची यादी १८७० च्या इंग्लंडास पुरी पडेना. म्हणून १८८८ सालीं यादीबाहेरील नगरांचीं नांवें घेण्याची परवानगी देणारा नवा कायदा करण्यांत आला.

या यादीमुळें घडलेली एक गंमत सांगण्यासारखी आहे. लंडनच्या पूर्व भागांत गोदींतील मजूर, हमाल, फेरीवाले व बेकार यांची अफाट वस्ती होती. तिच्यासाठीं सफ्रगन नेमावयाचा, तर जुन्या यादींत त्या भागाचें नांव कोठून असणार? तेव्हां १८७९ सालीं वॉल्शम हाऊ यांस त्या कामावर नेमतांना, लंडनपासून दूर असलेल्या व दुसऱ्याच धर्मप्रांतांत मोडणाऱ्या बेडफर्ड नगराचें नांव त्यांस देण्यांत आलें. पदाचें नांवही त्यांच्या कामाचें नव्हतें! पण हाऊ यांस त्याची खंत नव्हती. ते खेड्यांत वर्षानुवर्षें पाळक म्हणून राहिलेले, ग्रामीण वळणाचे मनुष्य. बिशप म्हटला म्हणजे खासगी गाडी आलीच, अशी त्या वेळची समजूत; हे मात्र सर्वसाधारण लोकांबरोबर भाड्याच्या ऑम्निबसमध्यें बसून जात येत, आणि म्हणून लोक त्यांस ऑम्निबसवाले बिशप म्हणूं लागले. मुलांवर त्यांची इतकी माया कीं 'मुलांचे बिशप' हें दुसरें नांव त्यांस मिळालें, आणि तेंच त्यांस अधिक आवडे. १८८८ सालीं वेकफील्डचा नवा धर्मप्रांत निघाला तेव्हां त्याचे पहिले बिशप तेच झाले. परंतु त्यांचें नांव आजही निघतें तें विशेषतः पूर्व लंडनच्या गल्ल्यांतील त्या नऊ वर्षांसाठीं. तीं वर्षें दुय्यम पदावरचीं होतीं, हें त्या मुलानें ध्यानांत घ्यावें.

पुढें १८९५ पासून पूर्व लंडनच्या कामास स्टेपनी या तेथील भागाचेंच नांव मिळालें. या पदावरून गेलेल्या मनुष्यांची मालिका पाहण्यासारखी आहे. विनिंग्टन-इंग्रॅम हे १८९७ सालीं स्टेपनीचे सफ्रगन झाले व १९०१ सालीं लंडनचे मुख्य बिशप. त्यांच्यामागून आलेले कॉस्मो लँग हे १९०९ सालीं स्टेपनीहून निघाले ते थेट यॉर्कच्या आर्चबिशपपदावर, व १९२८ सालीं कँटरबरीस गेले. ट्रेव्हर हडलस्टन यांची दिशा उलटी. दक्षिण आफ्रिकेंत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडलेले हे पाळक १९६० पासून मसासीचे मुख्य बिशप होते. तें मुख्य पद सोडून १९६८ सालीं ते स्टेपनीचे सफ्रगन झाले आणि दहा वर्षें तेथें राहिले. पहिल्या पदावरून दुसऱ्या पदावर जाणें म्हणजे खालीं उतरणें, असें त्यांस वाटलें नाहीं.

आतां या पदाचे आजचे नियम थोडक्यांत पाहूं. सफ्रगनाची दीक्षा मुख्य बिशपाइतकीच पूर्ण असते. पण सत्ता त्यास मुख्य बिशपाकडून मिळते. इंग्लंडच्या मंडळींत आज ४२ धर्मप्रांत आहेत, व बहुतेकांत एक किंवा अधिक सफ्रगन असतात. १९७८ च्या मंडळीच्या कायद्यानें धर्मप्रांताचे विभाग पाडून एकेक विभाग एकेका साहाय्यक बिशपाकडे कायमचा सोंपविण्याची सोय झाली, आणि १९७९ पासून लंडनांत ती अमलांत आली. डोव्हरच्या बिशपाची गोष्ट तर विशेषच आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपांस साऱ्या इंग्लंडचें व जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांचें काम. म्हणून कँटरबरी धर्मप्रांताचा रोजचा कारभार डोव्हरचा सफ्रगनच पाहतो. २०१९ सालीं या पदावर जमेकांत जन्मलेल्या रोझ हडसन-विल्किन यांचा अभिषेक झाला. इंग्लंडच्या मंडळींतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-बिशप होत.

स्त्रियांच्या बाबतींत या पदानें अनेक दारें उघडलीं आहेत. साऱ्या अँग्लिकन जगांतील पहिल्या स्त्री-बिशप बार्बरा हॅरिस यांचा अभिषेक १९८९ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्‌सच्या सफ्रगन म्हणूनच झाला. इंग्लंडांतील पहिल्या स्त्री-बिशप लिबी लेन याही २०१५ सालीं स्टॉकपोर्टच्या सफ्रगन झाल्या. सेरा मलाली या पूर्वीच्या परिचारिका. सरकारी नोकरींत इंग्लंडच्या परिचारिकांच्या प्रमुखपदापर्यंत त्या चढल्या होत्या. बिशप म्हणून त्यांचें पहिलें पद क्रेडिटनच्या सफ्रगनाचें. पुढें २०१८ सालीं त्या लंडनच्या बिशप झाल्या, आणि २०२५ सालीं कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठीं त्यांचें नांव जाहीर झालें. कँटरबरीच्या त्या आसनासाठीं स्त्रीची निवड पूर्वीं कधींच झाली नव्हती.

आपल्या देशांत १५३४ च्या कायद्यासारखी नगरनामांची पद्धत नव्हती. येथें साध्या शब्दांत साहाय्यक बिशप असेंच म्हणत. आमच्या महाराष्ट्राशीं निगडित असें एक उदाहरण आहे. फिलिप लॉइड हे अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, मिशनचें काम केलेले पाळक. १९२५ सालीं ते मुंबईच्या बिशपांचे साहाय्यक झाले. चार वर्षांनीं, १९२९ सालीं, मुंबईच्या धर्मप्रांतांतून नाशिकचा नवा धर्मप्रांत वेगळा काढण्यांत आला व लॉइड त्याचे पहिले बिशप झाले. साहाय्यक नेमणें हें कित्येकदां नव्या धर्मप्रांताचें बीं पेरणें असतें, तें असें. पुढें १९७० सालीं नागपूर येथें उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली, आणि मुंबई, नाशिक व नागपूर येथील अँग्लिकन मंडळ्या तींत समाविष्ट झाल्या.

येथपर्यंत आम्हीं मुलास उत्तर दिलें. पण त्याच्या वडिलांचा प्रश्न उरतोच, आणि या पदाच्या इतिहासाची काळी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सॅम्युएल क्राउदर हे एके काळीं गुलाम म्हणून पकडले गेलेले आफ्रिकन गृहस्थ. १८६४ सालीं ते पश्चिम आफ्रिकेंत बिशप झाले. १८९१ सालीं ते वारल्यावर त्यांच्या जागीं युरोपियन बिशप आले. आणि १८९३ सालीं आयझॅक ओलुवोले व चार्ल्स फिलिप्स या दोघां आफ्रिकन पाळकांस साहाय्यक बिशप करण्यांत आलें. त्यानंतर अनेक दशकें तेथील मुख्य पद आफ्रिकन मनुष्याच्या वांट्यास आलें नाहीं. अमेरिकेंतही १९१८ सालीं एडवर्ड डेंबी व हेन्री डिलेनी या कृष्णवर्णीय पाळकांस सफ्रगन बिशप केलें. पण त्यांचें काम कृष्णवर्णीय मंडळ्यांपुरतें आंखून दिलेलें होतें. शिवाय त्या काळीं अमेरिकेंतील कोणत्याही सफ्रगनास बिशपांच्या सभेंत आसन असे, मत नसे. ज्या शब्दाचा मूळ अर्थच मत, त्याच पदवीच्या मनुष्यास मत नाहीं! येथें दुय्यम पद ही पायरी राहिली नाहीं. तें कुंपण झालें.

आपल्या देशांत हाच प्रश्न उभा राहिला होता. वेदनायगम् सॅम्युएल अझरया यांस बिशप करण्याचें ठरूं लागलें, तेव्हां हिंदी मनुष्यास तें पद द्यावें कीं नाहीं, यावर वादविवाद झाला. अखेर २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्यास त्यांचा अभिषेक झाला, आणि ते अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप ठरले. मद्रासच्या बिशपांचें साहाय्यकपण त्यांच्याकडे होतें. पण तेवढेंच नव्हे, दोर्णकलचा धर्मप्रांत त्यांच्या स्वाधीन होता. त्यांनीं तो १९४५ सालीं देह ठेवीपर्यंत सांभाळला व वाढविला. त्यांस केवळ साहाय्यक करून ठेवलें असतें, तर हिंदी मनुष्य मुख्य पाळक होऊं शकतो हें त्या वेळीं कोणास दिसलें असतें?

तेव्हां या हकीकतीवरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली विद्यार्थ्यांसाठीं. जेथें काम एकट्याच्या हातून उरकत नाहीं, तेथें दुसरा हात हा दुसऱ्या प्रतीचा हात नव्हे. ज्या बालकाचें दृढीकरण झालें, त्याच्या मस्तकावर हात मुख्य बिशपाचा होता कीं सफ्रगनाचा होता, यानें आशीर्वाद उणा होत नाहीं. प्रभु येशूनें कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्यानंतर ख्रिस्ती मनुष्यास सेवेच्या पदाची लाज बाळगण्यास जागाच उरली नाहीं.

दुसरी गोष्ट आम्हां शिक्षकांसाठीं व वडील मंडळींसाठीं, आणि ती अधिक बोंचणारी आहे. सेवेची थोरवी सांगणारा मनुष्य जर स्वतः नेहमीं पहिल्या जागीं बसत असेल, आणि दुसरी जागा नेहमीं त्याच त्या लोकांस देत असेल, तर त्याचा उपदेश म्हणजे केवळ सोय होय. दुय्यम पद कोणास देतां, यापेक्षां त्याच मनुष्यास पुढें मुख्य पद मिळूं शकतें कीं नाहीं, हें पाहावें. त्यावरून तें पद पायरी आहे कीं कुंपण आहे तें कळतें. हा लेख लिहितांना आम्हीं आमच्या वर्गाच्या मागील दहा वर्षांच्या नायकांची यादी काढून पाहिली. त्या विद्यार्थ्याच्या वस्तींतील एकही नांव तींत नव्हतें. उपनायकांच्या यादींत मात्र तीन होतीं. कोणीं हें बुद्ध्या केलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दहा वर्षांत तें आमच्या लक्षांतही आलें नाहीं, हा दोष आमचाच होय.

तो बिल्ला अद्याप आमच्या टेबलाच्या खणांत आहे. त्या विद्यार्थ्यानें तो येऊन घेऊन जावा, अशी आमची इच्छा आहे. आणि येत्या सत्रांत निवडीच्या दिवशीं ही यादी आम्ही वर्गापुढें ठेवणार आहों, हें त्याच्या वडिलांस या लेखाद्वारें कळवीत आहों. सर्व विद्यार्थ्यांस नवें वर्ष सुखाचें व सेवेचें जावो, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.